शेवळे ताटात, शेवाळ पायाखाली

मृगाचे पहिले दोन-चार जोरकस पाऊस पडून गेले, की पालघर आणि बोईसरच्या बाजारात एक भाजी दिसू लागते. आदिवासी बायका पाटीतून शेवळांच्या जुड्या आणतात आणि रस्त्याच्या कडेला फडके अंथरून त्यावर मांडतात. शेजारीच काकडाच्या आंबट, हिरव्या फळांचे लहान लहान वाटे असतात. गिऱ्हाईक जाणते असले तर ते दोन्ही जिन्नस मागते. नवखे असले तर विकणारीच त्याला बजावते, ‘काकडं पन घ्या, नायतर घसा खाजंल.’ चार दिवसांचा हा हंगाम असतो. या दिवसांत शेवळाची भाजी घरात शिजली नाही, तर इकडच्या जुन्या माणसांना पावसाळा आल्यासारखे वाटत नाही.

त्याच बाजारात काचेच्या कपाटांचे एखादे नव्या धर्तीचे दुकान असते. त्याच्या फळीवर अलीकडे एक परदेशी पुडके मांडलेले आढळते. आत कागदासारखे पातळ, काळपट हिरव्या रंगाचे, भाजून मीठ लावलेले पापुद्रे असतात. महाविद्यालयात जाणारी मुले ते चवीने खातात. हा पदार्थ समुद्रातल्या शेवाळाचा, म्हणजे आपल्या केळव्याच्या, चिंचणीच्या किंवा वाढवणच्या खडकांवर ज्यावरून पाय घसरतो त्याच्याच गोतावळ्यातला. शेवळे आणि शेवाळ या दोन शब्दांत अंतर आहे ते केवळ एका काना-मात्रेचे. पण एक आपल्या ताटात मानाने बसले आणि दुसरे आपण पायाखालचे मानले. हे असे का झाले, आणि आता तज्ज्ञ व शासन दोघेही या दुसऱ्या वनस्पतीची थोरवी सांगू लागले असताना आपण काय करावे, हा विचार पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी करावयास हवा. कारण या प्रश्नात चव आणि पोषण यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. ती म्हणजे किनाऱ्याचे पाणी.

नकळत झालेली ओळख

समुद्रशेवाळ खाणे म्हणजे काही अघोरी प्रकार, अशी अनेकांची समजूत असते. तिला उत्तर म्हणून आपल्याच स्वयंपाकघरातील फडताळ उघडून पाहावे. दुधात शिजवून वड्या पाडण्यासाठी किंवा फळांची जेली करण्यासाठी आपण ज्याला ‘चायना ग्रास’ म्हणतो, ते गवत नव्हे. लाल जातीच्या समुद्रशेवाळापासून काढलेला तो डिंकासारखा पदार्थ होय. त्याचे शास्त्रीय व्यवहारातले नाव अगर. कित्येक पूर्णतः शाकाहारी घरांतून तो पिढ्यान् पिढ्या खाल्ला जात आहे, कारण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होणाऱ्या जिलेटिनला तो निर्वेध पर्याय आहे. आइस्क्रीमच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या यादीत ४०६ हा आकडा असला तर तो या अगरचा, ४०७ असला तर कॅरॅजिनन या दुसऱ्या शेवाळजन्य पदार्थाचा आणि ४०१ असला तर तपकिरी शेवाळातल्या सोडियम अल्जिनेटचा, असे समजावे. तेव्हा ‘आम्ही शेवाळ खाणार नाही’ असे म्हणणारा गृहस्थ ते बहुधा कधीच खाऊन बसलेला असतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना या अगरची आणखी एक कथा वर्गात सांगता येईल. जंतू वेगळे वाढविण्यासाठी जर्मनीतील संशोधक जिलेटिन वापरीत. ते उन्हाळ्यात वितळून जाई आणि काही जंतू तर तेच पचवून टाकीत. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ साली यावर तोडगा सुचविला. त्या घरी जेली करताना अगर वापरीत. जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते. स्वयंपाकघरातून आलेली ती वस्तू आजही जगातल्या प्रत्येक जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. ज्या समुद्रकाठच्या माणसांनी तिचा शोध लावला, त्यांनी ती मुळात खाण्यासाठीच उकळली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे समुद्रशेवाळाचा अभ्यास नव्हता असेही नाही. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बर्गेसेन यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरची शेवाळे गोळा करून १९३० च्या सुमारास त्यांवर लेख लिहिले. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली भावनगर येथे मीठ व सागरी रसायने यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तर १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे. तेथील संशोधकांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील शेवाळांच्या जाती, त्यांचे हंगाम आणि त्यांतील घटकद्रव्ये यांची पाहणी १९७० नंतरच्या दशकातच हाती घेतली होती. विद्या होती. ती शोधनिबंधांतून बाजाराच्या पाटीपर्यंत आली नाही, इतकेच.

चवीचा अधिकार

कोणताही पदार्थ औषध म्हणून फार काळ खाल्ला जात नाही. तो टिकतो तो चवीने. जपान, कोरिया आणि चीन या देशांत शेवाळ रोजच्या जेवणात आहे ते डॉक्टरने सांगितले म्हणून नव्हे. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या शेवाळाच्या पातळ सारातून त्याच्या चवीचे मूळ शोधून काढले. ते ग्लुटामेट होते. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी ते द्रव्य ज्या नावाने विक्रीस आले, ते ‘अजिनोमोटो’ हे नाव आज आपल्या चौकातल्या चायनीज गाडीवाल्यालाही पाठ आहे. मूळ शेवाळ मात्र ना गाडीवाल्याला ठाऊक, ना त्याच्या गिऱ्हाइकाला.

पालघरच्या माणसाला ही चव परकी वाटण्याचे कारण नाही. सुकट भाजताना किंवा जवळ्याची चटणी परतताना घरभर दरवळते ती गोडसर-खारट रुची याच कुळातली. मासे न खाणाऱ्याला समुद्राची ती चव कशी असते हे जाणून घ्यावयाचे असेल, तर भाजलेले शेवाळ हा त्याच्यासाठी एक मार्ग आहे.

युरोपातही हे अन्न नवे नाही. वेल्समध्ये लाल शेवाळ तासन् तास शिजवून त्याचा काळसर लगदा करतात, त्यात ओटचे पीठ मिसळून थापट्या तळतात आणि सकाळच्या न्याहारीला खातात. त्याला ते लेव्हरब्रेड म्हणतात. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसांचे ते जेवण होते. जपानी ‘नोरी’ही याच शेवाळाच्या जवळच्या नात्यातली. या नात्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. नोरीची शेती जपानी कोळी शतकानुशतके करीत, पण बीज कुठून येते हे त्यांना माहीत नव्हते. उन्हाळ्यात ते नाहीसे होई आणि थंडीत आपोआप परत येई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पीक बुडू लागले, तेव्हा त्यांचा निरुपाय झाला. इंग्लंडमधील कॅथलीन ड्रू-बेकर या बाईंनी १९४९ साली वेल्सच्या त्या शेवाळाचा अभ्यास करून दाखवून दिले, की उन्हाळ्यात ते शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म तंतूंच्या रूपाने वस्ती करते. हा धागा धरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीज वाढविण्याची रीत बसविली आणि उद्योग सावरला. बाईंनी जपान कधी पाहिला नाही. त्या १९५७ साली वारल्या. जपानी कोळ्यांनी मात्र १९६३ साली त्यांचे स्मारक समुद्राकाठी उभारले, आणि तेथे त्यांचे स्मरण दर वर्षी एप्रिलमध्ये केले जाते. शास्त्रज्ञाने कोळ्याचे ऐकले आणि कोळ्याने शास्त्रज्ञाचे ऋण मानले, म्हणून तो व्यवसाय टिकला. आपल्या किनाऱ्यावर या दोघांची भेट क्वचितच होते.

पोषणाचा हिशेब

आता पोषणाविषयी. येथे उत्साहापेक्षा हिशेबाची गरज अधिक आहे. समुद्रशेवाळात प्रथिने, तंतुमय द्रव्ये, आयोडीन, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही सारी आहेत, हे खरे. वाळलेल्या नोरीच्या वजनात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास प्रथिने निघतात, हेही खरे. एवढे वाचून एखादा उत्साही लेखक ‘शेवाळ हे अंड्याहून श्रेष्ठ’ असा मथळा देऊन मोकळा होतो. पण नोरीच्या एका संपूर्ण कागदाचे वजन असते सुमारे ३ ग्रॅम. त्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. एका अंड्याची सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळवावयाची तर पाच-सहा कागद खावे लागतील, आणि त्यांची किंमत अंड्याच्या कितीतरी पट होईल. ताज्या शेवाळात तर दहापैकी आठ-नऊ भाग पाणीच असते.

हे सांगणे या जिल्ह्यात विशेष अगत्याचे आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर अनेक योजना आल्या, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला, पण जव्हार-मोखाड्याचे कुपोषण अजून बातम्यांतून गेलेले नाही. अशा ठिकाणी कोणी शेवाळाची हिरवी भुकटी ‘संपूर्ण आहार’ म्हणून घेऊन गेला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्या मुलांना पोटभर भाकरी हवी, वरण हवे, तेल, दूध, अंडी हवीत. शेवाळ हे जेवणाला रुची व क्षार देणारे तोंडीलावणे आहे. लोणचे कितीही गुणकारी असले तरी त्यावर मूल वाढत नाही.

आयोडीनची गोष्ट याहून नाजूक आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. ते मिळावे म्हणूनच आपल्या मिठात आयोडीन घालतात. गलगंडाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासूनचा आहे. कोंबूसारख्या तपकिरी शेवाळाच्या अवघ्या एका ग्रॅममध्ये याच्या दहापट वा त्याहूनही जास्त आयोडीन असू शकते. नोरीत ते पुष्कळच कमी असते. म्हणजे ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली अगदी निरनिराळ्या वस्तू येतात, आणि थायरॉइडचा विकार असलेल्याने किंवा गरोदर बाईने वैद्याला विचारल्याखेरीज तपकिरी शेवाळाच्या वाटेस जाऊ नये. हिजिकी नावाच्या एका जातीत तर अपायकारक स्वरूपातले आर्सेनिक आढळले, म्हणून ब्रिटनच्या अन्न-प्रमाण संस्थेने २००४ साली ती खाऊ नये असाच सल्ला दिला. ज्या जपानात ती खातात तेथेही ती भिजवून, उकळून, पाणी टाकून देऊन खाण्याची रीत आहे.

काकडाचा धडा

इथे आपली शेवळे पुन्हा आठवतात. कच्चे शेवळ जिभेवर ठेवून पाहावे म्हणजे ते खाण्याजोगे आहे असे कोणीही म्हणणार नाही. त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, सूज येते. ते केव्हा खणावे, त्याचा कोणता भाग टाकावा, किती बारीक चिरावे, काकडाचा रस किती घालावा, हे ज्ञान कोणा एकाच्या बुद्धीतून एका दिवसात आलेले नाही. वारली, मल्हार कोळी, कातकरी बायकांच्या अनेक पिढ्यांनी ते अनुभवाने जमविले आणि मग शहरी स्वयंपाकघरांना दिले. आपण शेवळे विकत घेतो तेव्हा त्या जुडीबरोबर हे ज्ञानही घेत असतो. काकडाचा वाटा ही त्याची खूण.

समुद्रशेवाळाच्या बाबतीत अशी परंपरा आपल्या किनाऱ्यावर ठसठशीतपणे दिसत नाही. इकडच्या मांगेला, वैती आणि माच्छी समाजांना मासळी इतकी विपुल मिळे, की खडकावरची हिरवळ खरवडण्याची पाळीच त्यांच्यावर आली नसावी. शिवाय आपला समुद्र गढूळ. भरती-ओहोटीचा पल्ला मोठा, गाळ पुष्कळ, पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी. मालवण-रत्नागिरीच्या स्वच्छ खडकाळ किनाऱ्यावर जसे शेवाळाचे बगीचे दिसतात तसे इकडे सर्वत्र नाहीत. नोरीच्या जातीचे शेवाळही आढळते ते मुख्यत्वे दक्षिण कोकणच्या आणि गोव्याच्या खडकांवर, आणि तेही ऐन पावसाळ्यात, जेव्हा त्या खडकांवर उभे राहणे जिवावर बेतावे. इकडे पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत हिरवी, तपकिरी, लाल शेवाळे खडकांच्या डबक्यांतून वाढतात. त्यांतले पोपटी, पातळ, कोबीच्या पानासारखे दिसणारे ते ‘उल्वा’. जगात अनेक ठिकाणी ते कोशिंबिरीत घालतात. भज्यांच्या पिठात, थालीपीठात किंवा चकलीच्या भाजणीत ते सहज सामावून जाईल. पण परंपरेने दिलेला काकडाचा वाटा येथे नाही. तो आपल्याला प्रयोगशाळेतून आणावा लागेल. याचे कारण पुढे आहे.

तारापूरचे पाणी

शेवाळाला मुळे नसतात. जमिनीवरचे झाड मुळांतून अन्नपाणी घेते. शेवाळ आपल्या साऱ्या अंगाने भोवतालच्या पाण्यातले क्षार शोषून घेते. त्याचे पोषणमूल्य ज्या गुणामुळे आहे, त्याच गुणामुळे त्याचा धोकाही आहे. पाण्यात शिसे, कॅडमियम, पारा यांचा अंश असला तर तोही ते गोळा करते आणि आपल्या अंगात पाण्यापेक्षा कितीतरी पटीने साठविते. म्हणूनच समुद्राचे प्रदूषण मोजणारे शास्त्रज्ञ उल्वासारखी शेवाळे मुद्दाम तपासतात. ही साठवण धुऊन जात नाही, उकळून हमखास निघत नाही, आणि कोणत्याही काकडाला दाद देत नाही. तिची चव लागत नाही, घसाही खाजत नाही. शेवळाची खाज ही निसर्गाने दिलेली सूचना तरी होती!

बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत ही महाराष्ट्रातील मोठ्या वसाहतींपैकी एक. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने तेथे आहेत आणि हजारो कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटते. या लेखाच्या वाचकांतही त्या कुटुंबांतले कितीतरी असतील. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचे २०१८ साली जे मूल्यमापन केले, त्यात तारापूरचा क्रमांक पहिला लागला. गुण ९३.६९. परीक्षेत असे गुण पडले तर आपण पेढे वाटू. येथे ते प्रदूषणाचे होते. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जाते. त्याने मासळी आणि किनारा नासला, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. २०२२ साली लवादाने शंभरावर कारखान्यांवर आणि सांडपाणी शुद्धीकरणाची जबाबदारी असलेल्यांवर पर्यावरणाच्या भरपाईचा बोजा ठेवणारा आदेश दिला. भरपाईच्या रकमा कशा मोजाव्यात हा कायदेपंडितांचा प्रांत होय. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की ज्या समाजाने पुढेमागे शेवाळ वेचावे, वाळवावे, विकावे असे आपण म्हणतो, त्यालाच आधी पाण्यासाठी वकील करावा लागला.

तारापूरला अणुवीज केंद्रही आहे. १९६९ पासून ते वीज देऊ लागले. या केंद्रामुळे शेवाळ दूषित झाले असा आरोप येथे करावयाचा नाही. उलट अणुशक्तीच्या क्षेत्रातूनच आलेला एक धडा सांगावयाचा आहे. ब्रिटनमध्ये विंडस्केल येथील अणुकेंद्राचे सौम्य किरणोत्सारी पाणी आयरिश समुद्रात सोडीत. त्या किनाऱ्यावर वाढणारे लाल शेवाळ रुथेनियम-१०६ हे किरणोत्सारी द्रव्य साठवीत असे. आता कोणी म्हणेल, तेथे ते खातो कोण? तपास करता असे आढळले, की ते शेवाळ गोळा होऊन शेकडो किलोमीटरवरच्या दक्षिण वेल्समध्ये जाते आणि तेथल्या लोकांच्या न्याहारीच्या लेव्हरब्रेडमध्ये मिसळते. मग अधिकाऱ्यांनी ती माणसे दिवसाला किती ग्रॅम लेव्हरब्रेड खातात याची मोजदाद केली आणि सर्वांत जास्त खाणाऱ्याला बाधा होऊ नये या बेताने समुद्रात किती द्रव्य सोडावे याची मर्यादा ठरविली. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत त्या किनाऱ्यावरची वेचणीच थांबली. खाणकामगाराच्या न्याहारीने एका अणुकेंद्राच्या सांडपाण्याला शिस्त घालून द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे.

या गोष्टीचे तात्पर्य आपल्या बाबतीत उलट्या बाजूने लागू पडते. जोवर किनाऱ्यावरचे शेवाळ कोणी खात नाही, तोवर त्यात काय साठले आहे याची चौकशीही कोणी करीत नाही. जी वस्तू ताटात येते तिच्यासाठी माणूस भांडतो. शेवाळ अन्न ठरले, तर ते वाढणारे पाणी हे अन्न पिकविणारे शेत ठरेल, आणि शेतात विष सोडणाऱ्याला जाब द्यावाच लागेल. म्हणून ‘तारापूरचे शेवाळ खाण्याजोगे नाही, तेव्हा विषय संपला’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ते खाण्याजोगे व्हावे, हीच मागणी योग्य होय.

आधी मोजणी, मग मेजवानी

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठरविण्यात आले. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातील बायका बांबूच्या तराफ्यांवर कॅपाफायकस हे परदेशी शेवाळ वाढवितात. हे शेवाळ १९८४ साली भावनगरच्या संस्थेने देशात आणले आणि २००० नंतर त्याची व्यापारी शेती झाली. त्या शेतीने अनेक घरांना आधार दिला. पण २०१३ नंतर उष्ण पाण्याने पीक मोठ्या प्रमाणावर मेले. तत्पूर्वीच, २००८ साली, ते मन्नारच्या आखातातील प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी नोंदविले होते. तेव्हा दुसरीकडचे रोप आणून आपल्या किनाऱ्यावर लावण्याची घाई नको. आपल्याकडे काय उगवते ते प्रथम पाहावे.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, झाईपासून अर्नाळ्यापर्यंत ठराविक खडक निवडून तेथील शेवाळाची वर्षातून निदान दोनदा तपासणी व्हावी. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. हे काम शासनाच्या प्रयोगशाळांचे. पण पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या संस्थांतील वनस्पतिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यात सहभागी करून घेता येईल. पुस्तकातले शेवाळ रेखाटून गुण मिळविण्यापेक्षा हे शिक्षण मोलाचे ठरेल. दुसरी गोष्ट, जे खडक आज आहेत त्यांची नोंद आजच व्हावी. वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या अंदाजासह मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको हा वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु शेवाळाला धरून राहण्यासाठी खडक लागतो आणि वाढवणचा खडकाळ किनारा हा या भागातला त्याचा मोठा आसरा आहे. भरावाची कामे चालू असताना तेथे काय होते याची साक्ष तरी मागे राहावी.

तिसरी गोष्ट मोलमजुरीची. ज्या खडकांचे शेवाळ निर्धोक ठरेल, तेथे वेचण्याचा पहिला हक्क किनाऱ्यावरच्या बायकांचा असावा. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील कसा वाळवावा, दव कधी धरते, वारा कधी बदलतो हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शेवाळही वाळवावेच लागते. ते मुळासकट न उपटता वरून कापावे, म्हणजे पुन्हा वाढते, एवढे त्यांना सांगावे. बाकीचे त्या आपल्याला सांगतील. परदेशी पुडक्याला आपल्याकडे जो भाव मिळतो त्यातला बराचसा वाटा भाजणे, मीठ लावणे आणि पुडके बांधणे या कामांचा असतो. ही कामे सातपाटी किंवा दांडीच्या बचतगटाला न जमण्याजोगी नाहीत.

आज मात्र वाचकांनी उठून चिंचणीच्या किनाऱ्यावर शेवाळ खरवडावयास जाऊ नये. तपासणीवाचून ते खाणे हे काकडावाचून शेवळ खाण्यासारखे, किंबहुना त्याहून वाईट होय. पण एखाद्या मृगात बोईसरच्या बाजारात शेवळांच्या पाटीशेजारी वाळलेल्या शेवाळाची पाटी मांडलेली असावी, आणि नवख्या गिऱ्हाइकाने संशयाने विचारताच विकणाऱ्या मांगेला बाईने ‘घ्या, आमच्या पाण्यातलं हाय, तपासलेलं हाय’ असे ठणकावून सांगावे, एवढी इच्छा करण्यास हरकत नाही. त्या वाक्यातला ‘तपासलेलं’ हा शब्द तिला खोटेपणा न करता उच्चारता यावा, ही जबाबदारी मात्र तिची नाही. ती कारखान्यांची, शासनाची आणि त्या कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.